हजला जाणाऱ्या पुरुषांचा एहराम: काय चालतं, काय नाही, आणि इंदूरहून निघताना तो बांधायचा कधी?

घरातले कोणी हजला निघाले की तयारीच्या याद्या सुरू होतात. औषधे, कागदपत्रे, सामानाचे वजन, मोबाइलचे सिम. पण सगळ्यात जास्त शंका निघतात त्या दोन पांढऱ्या कापडांवरून. कडा शिवलेल्या चालतील का? आत चड्डी घालायची की नाही? सेफ्टी पिन लावली तर बकरा द्यावा लागतो म्हणे, खरं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे कापड घरून बांधून निघायचं, विमानतळावर बांधायचं की तिकडे पोहोचल्यावर?

इंदूर, बुऱ्हाणपूर, सेंधवा, खरगोन या बाजूची आणि सीमेपलीकडच्या जळगाव, धुळे, नंदुरबारची बरीच कुटुंबे एकमेकांत नात्याने जोडलेली आहेत. एकाच घरातला एक भाऊ इंदूरहून निघतो, दुसरा मुंबईहून, आणि दोघांना दोन वेगळ्या सूचना मिळतात. त्यामुळे गोंधळ होतो. म्हणून पुरुषांच्या हजच्या पोशाखाचे नियम इथे एका ठिकाणी, साध्या भाषेत देत आहोत.

एका नजरेत

- एहराम ही अवस्था आहे. कापड हा तिचा एक भाग आहे.
- पुरुषासाठी दोन कापडे: कमरेला गुंडाळायचे एक, खांद्यावर घ्यायचे एक.
- अंगाच्या आकारात शिवलेला कपडा चालत नाही. कडेला टाके घातलेले कापड चालते.
- डोके उघडे, पावलाचा वरचा भाग उघडा. छत्री चालते.
- विमान आधी जेद्दाला उतरणार की मदिनेला, यावर एहराम कुठे बांधायचा ते ठरते.

एहराम म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण कापडालाच एहराम म्हणतो. ‘एहराम घेतला का?’ म्हणजे कापड विकत घेतले का. धर्मशास्त्रात मात्र एहराम म्हणजे हज किंवा उमराहची नियत करून त्या अवस्थेत जाणे. आंघोळ किंवा वजू करून, कापडे नेसून, दोन रकात नमाज पढून मनाशी नियत करायची आणि ‘लब्बैक’ची तल्बिया म्हणायची. इथून पुढे काही गोष्टी बंद होतात. केस-नखे कापणे, सुगंध लावणे, शिकार, पती-पत्नीचा शरीरसंबंध, आणि पुरुषांसाठी अंगाच्या मापाने शिवलेले कपडे.

म्हणजे नुसती कापडे नेसली की एहराम लागला असे होत नाही. नियत आणि तल्बिया झाल्यावरच तो लागतो. हा फरक नीट कळला की प्रवासातल्या निम्म्या शंका सुटतात. कापडे नेसून झाली, पण नियत बाकी आहे, तोवर डोक्यावर टोपी असली तरी काही बिघडत नाही. नियत झाली की टोपी काढायची.

इंदूरहून निघताना: आधी तिकीट पाहा

मक्केच्या भोवती ठरावीक ठिकाणे आहेत, त्यांना मिकात म्हणतात. हज किंवा उमराहसाठी मक्केला जाणाऱ्याने ही हद्द एहरामशिवाय ओलांडायची नाही. मदिनेकडून येणाऱ्यांसाठी झुल हुलैफा, शाम-इजिप्तच्या बाजूने जुहफा, नज्दच्या बाजूने कर्नुल मनाझिल, इराककडून जाते इर्क आणि यमनच्या बाजूने यलमलम.

आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी यलमलमचे नाव असते. कारण त्यांचा हज समुद्रमार्गे झाला. मुंबईहून जहाज निघायचे, कित्येक दिवसांचा प्रवास व्हायचा आणि जहाज यलमलमच्या समोर येऊ लागले की पुरुष आपले कपडे उतरवून एहराम बांधायचे. त्याच्याही आधी, मोगल काळात, हजची जहाजे सुरतेहून सुटत आणि आग्र्याहून सुरतेला जाणारा रस्ता बुऱ्हाणपुरावरून जायचा. भारतातून समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाला. आता सगळा प्रवास विमानाचा आहे, आणि जहाजावर जे काही तासांत निवांत व्हायचे ते विमानात काही मिनिटांत करावे लागते.

अलीकडच्या वर्षांत हज कमिटीच्या निर्गमन केंद्रांच्या यादीत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांच्यासोबत इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचेही नाव आलेले आहे. ही यादी दरवर्षी नव्याने निघते आणि प्रत्येक ठिकाणचे भाडे वेगळे असते, म्हणून फॉर्म भरतानाच ती पाहायची. इंदूरकडची काही मंडळी भाड्याचा हिशेब करून मुंबई निवडतात. एहरामच्या दृष्टीने मात्र तुम्ही कुठून चढलात यापेक्षा कुठे उतरणार हे महत्त्वाचे.

*विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर.* मिकातची हद्द विमान हवेतच ओलांडते, उतरण्याच्या आधी. त्यामुळे एहराम त्यापूर्वी लागलेला असला पाहिजे. विमानाच्या छोट्याशा शौचालयात कपडे बदलणे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही आणि बाहेर रांग लागते ती वेगळीच. म्हणून आंघोळ घरी किंवा हज हाउसमध्ये करून कापडे तिथेच किंवा विमानतळावर नेसायची आणि नियत मिकातजवळ आल्याची सूचना झाली की करायची. झोप लागेल अशी भीती असेल तर विमान सुटल्यावर लगेच नियत केली तरी चालते. मिकातच्या आधी एहराम बांधलेला चालतो. मिकात ओलांडून गेल्यावर बांधलेला चालत नाही. तसे झाले तर परत मिकातवर जाऊन नियत करावी लागते, नाहीतर दम, म्हणजे एका बकऱ्याची कुर्बानी लागू होते.

*विमान आधी मदिनेला जाणार असेल तर.* इथून नेहमीच्या कपड्यांत जायचे. एहराम बॅगेत. मदिनेत मुक्काम झाल्यावर मक्केला निघताना बस झुल हुलैफाला थांबते. मदिना शहरापासून हे ठिकाण साधारण १० किलोमीटरवर आहे. तिथे मोठी मशीद आहे, आंघोळीची सोय आहे. तिथेच एहराम बांधायचा. ‘सगळे बांधतात म्हणून आपणही’ असे करून इंदूरहूनच नियत करून बसलात तर मदिनेतले सगळे दिवस एहरामच्या बंधनात काढावे लागतील.

हज कमिटीच्या पहिल्या टप्प्यातली विमाने बहुधा मदिनेला आणि नंतरच्या टप्प्यातली जेद्दाला जातात. शेजारचे अमुक गेले तेव्हा त्यांनी काय केले, यावर जाऊ नका. आपल्या तिकिटावर काय लिहिले आहे ते बघा.

आणि एक चूक वर्षानुवर्षे होते. जेद्दाला जाणारा माणूस एहराम मोठ्या बॅगेत ठेवतो आणि ती बॅग विमानतळावर आत जमा करतो. मग मिकात आली की कापड पोटातल्या सामानात आणि माणूस कुर्ता-पायजम्यात. कापडे अंगावर तरी असावीत, नाहीतर हातातल्या पिशवीत.

दोन कापडे: माप, रंग, पोत

खालच्या कापडाला इजार म्हणतात, आपल्याकडे तहबंदही म्हणतात. वरच्याला रिदा, म्हणजे चादर. बाजारात तयार संच मिळतो. प्रत्येक कापड साधारण सव्वा मीटर रुंद आणि सव्वादोन ते अडीच मीटर लांब असते. पोट मोठे असेल तर लांबी जास्त घ्यावी. कारण बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग चालताना, बसताना, जिना चढताना झाकलेला राहिला पाहिजे.

रंग पांढरा असावा, ती सुन्नत आहे. पण पांढराच हवा असा सक्तीचा नियम नाही. १८५३ मध्ये वेष पालटून मक्केला गेलेल्या रिचर्ड बर्टनने आपल्या एहरामचे वर्णन केले आहे. त्याच्या पांढऱ्या कापडांना बारीक लाल पट्टे आणि झालर होती. मनाई आहे ती केशर आणि वर्स नावाच्या सुगंधी वनस्पतीने रंगवलेल्या कापडाला.

पोत आपल्या सोयीचा. सुती कापड हलके, लवकर वाळते, पण घामाने अंगाला चिकटते. टेरीचे, म्हणजे सोलापुरी टॉवेलसारखे कापड घाम शोषते आणि कमरेवरून घसरत नाही, मात्र धुतल्यावर जड होते. अगदी पातळ कापड नको, त्यातून अंग दिसते. दोन संच घेतलेले बरे. एहरामच्या अवस्थेत कापड बदलता येते, धुता येते. एकदा बांधले की शेवटपर्यंत तेच, हा गैरसमज आहे.

मराठी वाचकाला बिनशिलाईचा पोशाख नवा नाही. पूजेला बसताना धोतर-उपरणे नेसतात, त्यातही शिवलेला कपडा टाळतात. दिसायला साम्य आहे, हेतू मात्र वेगळा. सोवळ्यात दुसऱ्याचा स्पर्श टाळायचा असतो. एहराममधला माणूस लाखोंच्या गर्दीत खांद्याला खांदा लावून चालतो, आणि त्याच्या कपड्यावरून तो मालक आहे की नोकर, इंदूरचा आहे की इंडोनेशियाचा, हे सांगता येत नाही.

‘शिवलेले’ म्हणजे काय? इथेच सगळा घोळ

हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. अब्दुल्लाह इब्न उमर यांनी तो सांगितला आहे. एका माणसाने पैगंबरांना विचारले की एहराममध्ये काय घालावे. उत्तरात त्यांनी काय घालू नये ते सांगितले: सदरा, पगडी, विजार, डोके झाकणारा झगा, चामडी मोजे आणि केशर किंवा वर्स लागलेले कापड. चपला नसतील तर मोजे घोट्याच्या खाली कापून घालावेत. न चालणाऱ्या गोष्टींची यादी छोटी, बाकी सगळे मोकळे.

या यादीत ‘टाका’ किंवा ‘शिलाई’ हा शब्दच नाही. ‘शिवलेला कपडा’ हा शब्दप्रयोग नंतरच्या धर्मशास्त्रज्ञांनी या सगळ्या वस्तूंसाठी एक सोयीचे नाव म्हणून वापरला. त्यांना म्हणायचे होते, अंगाच्या आकाराने बेतलेला कपडा: ज्यात हात घालतात, पाय घालतात, डोके घालतात. लोकांनी तो शब्द अक्षरशः घेतला आणि मग कापडावर एक टाका दिसला तरी मनात धाकधूक.

एक उदाहरण बघा. तुमचा शर्ट तुम्ही बाह्यांत हात न घालता चादरीसारखा नुसता खांद्यावर पांघरला, तर तो एहराममधला ‘शिवलेला कपडा घालणे’ होत नाही. तोच शर्ट बाह्यांत हात घालून घातला की नियम मोडला. टाके तेवढेच, कपडा तोच. फरक घालण्याच्या पद्धतीचा. सामान हरवले आणि एहराम नाही, तर दोन साध्या बेडशीट घ्या, काम होते.

या कसोटीवर रोजच्या शंका अशा सुटतात:

- *कडा दुमडून शिवलेले कापड, ठिगळ:* चालते.
- *पैसे ठेवायचा पट्टा:* शिवलेला असला तरी चालतो. पासपोर्ट, पैसे, औषध ठेवायला तो लागतोच.
- *घड्याळ, चष्मा, अंगठी, कानाचे यंत्र:* चालते.
- *खांद्याला अडकवायची पिशवी:* चालते.
- *सेफ्टी पिन, गाठ:* वरच्या चादरीला पिन लावणे किंवा गाठ मारणे हनफी मतात मकरूह, म्हणजे टाळलेले बरे. पण त्यासाठी बकरा द्यावा लागत नाही.
- *चड्डी, बनियन, पायमोजे:* चालत नाही.
- *दोन्ही टोके शिवून नळीसारखी केलेली लुंगी:* यावर उलेमांत मतभेद आहेत. भारतातले बरेच हनफी मुफ्ती एरवी टाळायला सांगतात, पण अंग उघडे पडण्याची भीती असेल त्याला सूट देतात. आपल्या मौलानांना आधी विचारून घ्या.

हर्निया आहे, लघवीवर ताबा राहत नाही, ऑपरेशन झाले आहे, अशा माणसाने लाजून गप्प बसू नये. पट्टा किंवा डायपर लागणारच असेल तर तो वापरावा आणि त्याबद्दल भरपाई कोणती ते निघण्याआधी विचारून ठेवावे. आजारपणात सूट आहे आणि तिचा मार्ग कुराणातच सांगितलेला आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

डोके, चेहरा, पाय

डोके उघडे. टोपी, रुमाल, फेटा, डोक्यावरून घेतलेली चादर, काही नाही. झोपतानाही पांघरूण डोक्यावर ओढायचे नाही. विमानात एसी जोरात असतो आणि माणूस झोपेत ब्लँकेट तोंडावर घेतो, तेव्हा शेजाऱ्याने हळूच सांगावे. डोक्यावर छप्पर, तंबू, बस किंवा छत्री असणे हनफी आणि शाफई दोन्ही मतांत चालते. छत्री डोक्याला टेकू नये एवढेच.

ही छत्री हौसेची वस्तू नाही. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता आणि सौदी सरकारने १,३०१ जणांचा मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्यातले बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले, उन्हात पायी चालणारे होते. चांद्रवर्षामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो, म्हणजे काही वर्षांत तो थंडीकडे जाईल. पण तोपर्यंत उघड्या डोक्याच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात छत्री द्यायलाच हवी. ‘एहराममध्ये छत्री नको’ असे कोणी सांगत असेल तर आपल्या मौलानांकडून खात्री करून घ्या.

शिया जाफरी मतात मात्र पुरुषाने दिवसा प्रवास करताना डोक्यावर चालते छत घेऊ नये असा नियम आहे. म्हणून त्यांचे यात्रेकरू बिनछपराच्या बसमधून जाताना दिसतात किंवा रात्रीचा प्रवास निवडतात. इंदूरमध्ये दाऊदी बोहरा समाजही मोठा आहे. त्यांनी बारीक तपशील आपल्या आमिलसाहेबांकडून घ्यावेत.

चेहऱ्याबाबत फरक आहे. हनफी मतात पुरुषानेही चेहरा झाकायचा नाही, शाफई मतात झाकलेला चालतो. कोरोनाच्या काळात मास्क सक्तीचा झाला तेव्हा हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला होता. गरज असेल तर मास्क लावावा, भरपाईचे नंतर बघावे, असाच सल्ला बहुतेकांनी दिला.

पायात हवाई चप्पल सगळ्यात निर्धोक. पावलावरचे मधले उंच हाड आणि घोटे उघडे राहिले पाहिजेत, हे हनफी माप. बूट आणि पंजा पूर्ण झाकणारे सँडल नकोत. नवी चप्पल तिकडे जाऊन पहिल्यांदा घालू नका, महिनाभर आधी इथेच वापरून पाहा. मांड्या घासून सोलतात ही पुरुषांची नेहमीची तक्रार आहे. त्यासाठी बिनवासाचे व्हॅसलीन लावता येते.

उजवा खांदा सारखा उघडा ठेवायचा का?

नाही. फोटोत पाहून बरेच जण विमानतळावरूनच उजवा खांदा उघडा टाकून निघतात. चादर उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकण्याला इज्तिबा म्हणतात. ज्या तवाफनंतर सई करायची आहे, त्या तवाफपुरताच तो करायचा असतो, तेही एहरामच्या कापडांत असताना. तवाफचे सात फेरे संपले की दोन्ही खांदे झाकून नमाज पढायची.

या प्रथेमागे इतिहास आहे. हिजरी सन ७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२९ मध्ये, मुसलमान मदिनेहून उमराहला आले तेव्हा हे लोक तापाने खंगले आहेत, असे मक्केचे लोक म्हणत होते. तेव्हा खांदा उघडा टाकून पहिले तीन फेरे दमदार पावलांनी घालायला सांगण्यात आले. ती पद्धत आजही चालू आहे. विसरले तर दंड नाही.

चूक झाली तर?

घाबरून जायचे नाही. कोणत्या मतानुसार तुम्ही चालता त्यावर उत्तर ठरते, आणि इथेच सीमाभागातल्या आणि दूरच्या नातेवाइकांत वाद होतात. माळवा, खानदेश, मराठवाडा, विदर्भातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. कोकणी मुसलमान शाफई. दोघांची उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात.

हनफी मतात पुरुषाने शिवलेला कपडा पूर्ण एक दिवस किंवा एक रात्र, म्हणजे साधारण १२ तास घातला तर दम लागतो, आणि तो बकरा हरमच्या हद्दीतच कापावा लागतो. त्याहून कमी वेळ असेल तर सदका, म्हणजे फितऱ्याइतके धान्य किंवा त्याची किंमत. विसरून घातला तरी भरपाई सुटत नाही, फक्त गुन्हा लागत नाही.

शाफई मतात विसरून किंवा माहीत नसल्यामुळे घातला तर काहीच नाही. कळताक्षणी काढायचा. मुद्दाम घातला तर वेळ कितीही थोडा असो, फिदिया लागतो.

आजारपण किंवा खरी अडचण असेल तर दोन्हीकडे तीनपैकी एक निवडायची मुभा आहे: तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा एका बकऱ्याची कुर्बानी. वर हर्निया आणि डायपरबद्दल म्हटले ते या सवलतीच्या आधारानेच.

निरोपाला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे हाजीला निरोप द्यायला सगळी गल्ली जाते. हार घालतात, अत्तर लावतात, गळाभेट घेतात. यात शेजारपाजारचे हिंदू, जैन मित्रही असतात. माया खरी असते, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियत झालेल्या माणसाला सुगंध वर्ज्य असतो. म्हणून हार आणि अत्तर घरीच, कापडे नेसण्याआधी. एहरामच्या कापडावर अत्तर शिंपडू नका, ते कापड त्याला पुढे तसेच वापरायचे असते. भेट द्यायची असेल तर बिनवासाचा साबण, छत्री किंवा चांगली चप्पल द्या. विमानात मिळणारे सुगंधी ओले टिश्यूही हाजीने नियत झाल्यावर वापरू नयेत.

एहराम कधी उतरतो?

हज कमिटीची यात्रा साधारण चाळीस दिवसांची असते, पण एहराम चाळीस दिवस नसतो. भारतातले बहुतेक लोक तमत्तु पद्धतीचा हज करतात. मक्केला पोहोचून उमराह करायचा, केस काढायचे किंवा कमी करायचे आणि नेहमीचे कपडे घालायचे. मग ८ जिल्हिज्जाला मक्केतल्या मुक्कामावरूनच हजसाठी पुन्हा एहराम बांधायचा. मिना, ९ तारखेला अरफात, रात्री मुजदलिफा. १० तारखेला दगड मारणे, कुर्बानी आणि केस काढणे झाले की शिवलेले कपडे परत अंगावर. म्हणजे पोशाखाची बंधने दोन वेळा, आणि दोन्ही वेळा मिळून थोडेच दिवस.

महिलांसाठी वेगळा असा पोशाख नाही. त्यांचे नेहमीचे शिवलेले कपडे, डोके झाकलेले. चेहऱ्याला कापड टेकवायचे नाही.

परत आल्यावर बरेच हाजी ही दोन कापडे जपून ठेवतात. काही जण ती झमझमच्या पाण्यात भिजवून आणतात आणि घरच्यांना सांगून ठेवतात की माझा कफन यातूनच करा. पैगंबरांच्या काळात अरफातवर उंटावरून पडून एक यात्रेकरू वारला. तेव्हा त्याच्या अंगावरच्या त्याच दोन कापडांत त्याला दफन करायला सांगितले गेले, अशी हदीस आहे. घरातल्या पेटीत तळाशी घडी करून ठेवलेला तो पांढरा संच दिसला तर तो जुना टॉवेल समजून पुसायला काढू नका.

निघण्याआधी तपासा

1. तिकिटावर आधी जेद्दा आहे की मदिना?
2. जेद्दा असेल तर एहराम हातातल्या पिशवीत आहे ना?
3. दोन संच, पट्टा, हवाई चप्पल, छत्री, बिनवासाचा साबण आणि व्हॅसलीन घेतले का?
4. आजार असेल तर कोणती सूट आणि कोणती भरपाई, हे आपल्या मौलानांना विचारले का?
5. घरी दोन-तीनदा कापड नेसून, जिना चढून-उतरून पाहिले का? वडीलधाऱ्यांना हे नक्की करायला लावा. तिकडे गर्दीत शिकवायला कोणाला वेळ नसतो.